पुन्हा, पुन्हा, पुन्हा: लूपची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत.)

लोकलमध्ये उभे असाल, एसटीत खिडकीची जागा मिळाली असेल, किंवा होस्टेलच्या गच्चीवर रेंज शोधत फिरत असाल, जिथे असाल तिथे तुमचं स्वागत.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण राजे-महाराजांचा नाही. आज आपण सी प्रोग्रॅमिंगमधल्या लूपचा इतिहास बघणार आहोत. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! ज्यांनी सी कधी पाहिलंही नाही त्यांनाही यातली गोष्ट कळेल, आणि ज्यांची सी शिकताना गाडी लूपपाशीच अडकली आहे, त्यांच्यासाठी तर हा भाग मुद्दाम केलाय.

सुरुवात एका फजितीने करतो. माझ्याच.

डिप्लोमाचं पहिलं वर्ष. कॉम्प्युटर लॅब. चपला बाहेर, एका मशीनवर दोघं, आणि समोर टर्बो सीची ती निळी खिडकी. सरांनी फळ्यावर प्रोग्रॅम लिहिला, १ ते १० आकडे छापायचा. आम्ही तो बघून बघून उतरवला. उतरवताना एकच ओळ राहिली, आय एकाने वाढवायची. रन केलं आणि स्क्रीनवर १, १, १, १, १... नळ फुटल्यासारखे एकच धो धो वाहायला लागले. कंट्रोल आणि ब्रेक दाबून ते थांबवता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पार्टनरने घाबरून सरळ स्विच बंद केला. फाइल सेव्ह केलेली नव्हती. अख्खी लॅब हसली.

हसले ते ठीक आहे हो. पण मी त्या दिवशी मनाशी एक निकाल लावून टाकला: हे आपलं काम नाही. पुढची दोन वर्षं मी लूपचे प्रोग्रॅम अक्षरशः पाठ करून पास झालो. चांदण्यांचा त्रिकोण छापायचा प्रोग्रॅम तर स्तोत्रासारखा तोंडपाठ. परीक्षेत त्रिकोण उलटा विचारला, की संपलं!

खूप नंतर मी या लूपचा इतिहास वाचला, आणि तेव्हा लक्षात आलं, की मला जे १५ मिनिटांत समजायला हवं होतं, ते नीट मांडायला भल्या भल्या डोक्यांना १००-१२५ वर्षं लागली होती. आणि त्यांच्याही चुका त्याच होत्या. अगदी त्याच.

तर चला, मागे जाऊ.

मागावरची नक्षी

आपल्याकडची सोलापुरी चादर डोळ्यांसमोर आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच नक्षी पुन्हा पुन्हा. विणणारा काही प्रत्येक वेळी ती नव्याने आठवत बसत नाही. मागावर जॅकार्ड बसवलेलं असतं. जोसेफ मारी जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने साधारण १८०४ मध्ये हे तंत्र पक्कं केलं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, एकाला एक दोऱ्याने बांधलेली. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कार्डांची साखळी संपली की पुन्हा पहिलं कार्ड. म्हणजे नक्षी पुन्हा सुरू.

लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितज्ञाला या कार्डांनी वेड लावलं. त्याच्याकडे खुद्द जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, जे विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. बॅबेजने आकडेमोड करणाऱ्या एका अवाढव्य यंत्राचा आराखडा केला, नाव ॲनॅलिटिकल इंजिन. त्यालाही हुकूम द्यायचे ते कार्डांवरूनच. पण मागाच्या साखळीत एक अडचण होती. ती पुढेच जाते, आणि फिरली तर सगळीच्या सगळी फिरते. बॅबेजला हवं होतं की मधलीच चार कार्डं मागे घ्यावीत आणि तेवढीच पुन्हा चालवावीत, हवी तितक्या वेळा.

बघा, इथे लूपचा जन्म झाला. 'मागे जा आणि एवढंच पुन्हा कर.'

एक तक्ता, १८४३

१८४० मध्ये बॅबेजने इटलीतल्या तुरिनमध्ये या यंत्रावर व्याख्यानं दिली. ती ऐकून लुइजी मेनाब्रेआ या तरुण इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. (हा मेनाब्रेआ पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. इंजिनिअरिंग केलं की पुढे काय, असं घरी विचारलं तर हे सांगा.) त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं एडा लव्हलेसने. कवी बायरनची मुलगी, वय २७. भाषांतर करता करता तिने स्वतःच्या टिपा जोडल्या, ए पासून जी पर्यंत सात. आणि टिपा झाल्या मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट!

त्यात ती 'सायकल' हा शब्द वापरते. एकापेक्षा जास्त वेळा करायच्या क्रियांचा गट, असा त्याचा अर्थ ती देते. एवढ्यावर थांबत नाही. चक्राच्या आत चक्र असू शकतं, हेही ती मांडते. आपण ज्याला नेस्टेड लूप म्हणतो, ज्याच्यामुळे चांदण्यांचा त्रिकोण छापताना आपली दाणादाण उडते, ते १८४३ मध्ये कागदावर होतं.

शेवटच्या टिपेत एक मोठा तक्ता आहे. बर्नूली संख्या नावाचे गणितातले काही अवघड आकडे यंत्राकडून कसे काढून घ्यायचे, त्याच्या एकूण २५ पायऱ्या. आणि त्यात सूचना आहे, की १३ ते २३ या पायऱ्या पुन्हा करा.

आता जरा कान देऊन ऐका, कारण आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. त्या तक्त्यात नुसत्या पायऱ्या नाहीत. प्रत्येक पायरीला कुठली चलं वापरली, उत्तर कुठल्या चलात गेलं, आणि कुठल्या चलाची किंमत बदलली, कुठल्याची तशीच राहिली, याचा वेगळा रकाना आहे. पुढे प्रत्येक चलाला आपापला रकाना. म्हणजे काय, तर परीक्षेआधी सर ज्याला 'ड्राय रन करून दाखवा' म्हणतात, तो हाच!

आणि तिच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. यंत्र कधी पूर्ण बांधलंच गेलं नाही. रन बटण नाही, स्क्रीन नाही. कागदावर एकेक फेरी हाताने चालवायची, एवढंच शक्य होतं.

गंमत म्हणजे त्या तक्त्यातही एक चूक आहे. चौथ्या पायरीत भागाकार उलटा छापलाय, वरचं खाली आणि खालचं वर. ती तिच्या हातून झाली की छपाईत, देव जाणे. या कामात तिचा वाटा किती आणि बॅबेजचा किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण जगातला सगळ्यात गाजलेला पहिला प्रोग्रॅम बगसकट छापला गेला, हे मात्र खरं. मला हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

डिंक आणि कागदाची पट्टी

आता १०० वर्षं उडी मारू. १९४४, अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ. हॉवर्ड एकनच्या कल्पनेतून आयबीएमने बांधलेलं मार्क वन नावाचं यंत्र, ५१ फूट लांब. हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. तिथे ग्रेस हॉपर काम करायच्या, ज्यांनी पुढे प्रोग्रॅमिंगचं जग बदललं. या यंत्रावर तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर काय करायचे? पट्टीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडून टाकायचे! झाली गोल पट्टी, बसते फिरत. लूप म्हणजे खरोखरचा लूप, हातात धरता येईल असा.

पण आपणहून वेगळ्या वाटेला वळणं या यंत्राला सुरुवातीला येत नव्हतं. फिरणं सोपं असतं हो. 'आता पुरे' हे कळणं अवघड. विहिरीवरचं रहाटगाडगं बघा. बैल चालतोय तोवर गाडगी भरतायत, रिकामी होतायत. पाट भरला हे रहाटाला कुठे कळतं? ते शेतकऱ्याने बघायचं.

हा शेतकरी यंत्राच्या आत बसवला तेव्हा खरी मजा सुरू झाली. २१ जून १९४८, इंग्लंडमधलं मँचेस्टर. 'बेबी' म्हणून ओळखलं जाणारं छोटं यंत्र. स्मृती केवढी? ३२ शब्दांची. आत्ता तुमच्या हातातल्या फोनमध्ये एखाद्या इमोजीचं चित्रसुद्धा त्यात मावणार नाही. टॉम किलबर्नने त्यावर एक प्रोग्रॅम चालवला. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४. ही संख्या सोडून तिला भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या कुठली? आपण तोंडी सांगू, निम्मी करा. पण बेबीने मुद्दाम लांबची वाट धरली. एकेक संख्या खाली उतरत तपासत गेली. भागाकार येत नव्हता, म्हणून तोही वजाबाकी करून करून. ५२ मिनिटांनी उत्तर आलं, १,३१,०७२. बरोबर!

प्रोग्रॅम किती ओळींचा होता? १७ सूचना. आणि यंत्राने केलेल्या क्रिया? सुमारे ३५ लाख.

१७ लिहा, ३५ लाख करून घ्या. लूप कशासाठी शिकायचा, याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

'साठी' आणि 'जोवर-तोवर'

सुरुवातीच्या काळात लूप लिहायचा म्हणजे 'अमुक क्रमांकाच्या ओळीवर उडी मार' असं सांगायचं. मग १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस आणि मंडळींनी फोरट्रान ही भाषा आणली. तिच्यात 'डू' हा शब्द होता. इथपासून इथपर्यंतच्या ओळी कर, आय १ पासून १० पर्यंत ने. मोजायचं काम भाषेनेच अंगावर घेतलं.

'फॉर' हा शब्द मात्र युरोपातून आला. झुरिकच्या हाइन्झ रुटिसहाउझरने १९५१ च्या सुमारास आपल्या आराखड्यात जर्मन शब्द 'फ्यूर' वापरला. फ्यूर म्हणजे 'साठी'. पुढे तो अल्गोल या भाषेत इंग्रजी 'फॉर' होऊन शिरला, आणि तिथून पुढच्या भाषांमध्ये.

आपण कॉलेजात हे शब्द मंत्रासारखे म्हणतो, अर्थ न लावता. एकदा मराठीत वाचून बघा. फॉर म्हणजे 'आयच्या प्रत्येक किमतीसाठी हे कर'. व्हाइल म्हणजे आपलं 'जोवर... तोवर'. जोवर पाणी येतंय तोवर हंडे भरून घ्या. आधी बघायचं, मग भरायचं. आणि डू-व्हाइल म्हणजे आधी एक हंडा भरायचा, मग नळाकडे बघायचं. एवढाच फरक! मला हा फरक डिप्लोमाच्या तीन वर्षांत कळला नाही, आणि आईला नळावर बघून एका सकाळी कळला.

फोरट्रान, अल्गोल आले तरी लोक गो-टू वापरून मनाला येईल तिथे उड्या मारतच होते. मार्च १९६८ मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने एक पत्र छापलं: या उड्या नुकसान करतात. त्याचं म्हणणं साधं होतं. कागदावरचा प्रोग्रॅम स्थिर असतो, आणि तो चालतो तेव्हा काळात पुढे सरकतो. माणसाला स्थिर गोष्ट चांगली दिसते, सरकणारी नीट दिसत नाही. म्हणून लिहिलेलं आणि चालणारं यांच्यात जितकं कमी अंतर, तितकं बरं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आता आपण सीकडे येतोय, आणि तिथे हेच अंतर आपल्याला पाडतं.

एक ओळ, तीन वेळा

न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. १९६९ च्या सुमारास केन थॉम्पसनने, केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सच्या बीसीपीएल या भाषेवरून, एक छोटी भाषा केली, नाव बी. तिच्यावरून डेनिस रिचीने सी घडवली, मुख्य काम १९७२ चं. पुढच्याच वर्षी युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला.

आपण आय प्लस प्लस लिहितो ना? ते थॉम्पसनचं, बीच्या काळातलं. पीडीपी-११ या मशीनमध्ये तशी सोय होती म्हणून ते आलं, असं बरेच जण सांगतात. रिचीने स्वतः लिहून ठेवलंय, की तसं असूच शकत नाही, कारण ते मशीन तेव्हा आलंच नव्हतं. व्हायव्हात कुणी विचारलं तर भाव खाऊन घ्या.

आता सीचा फॉर. बोलून दाखवतो. फॉर, कंसात: आय बरोबर ०, अर्धविराम, आय लहान १०, अर्धविराम, आय प्लस प्लस. कंस पूर्ण. मग महिरपी कंसात काम.

एका ओळीत तीन तुकडे. लिहिलेत शेजारी शेजारी, पण चालतात वेगवेगळ्या वेळी! पहिला तुकडा आयुष्यात एकदाच. दुसरा प्रत्येक फेरीच्या आधी. आणि तिसरा, जो काम लिहायच्या आधीच लिहिलाय, तो चालतो काम झाल्यावर. म्हणजे क्रम असा: सुरुवात, तपास, काम, वाढव, तपास, काम, वाढव, तपास... आणि तपास फसला की बाहेर.

डाइक्स्ट्रा म्हणत होता ते अंतर हेच. फॉर आटोपशीर आहे, सगळा हिशोब एका ठिकाणी दिसतो, म्हणून तो जगभर पसरला. पण नवशिक्या डोळा डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि फसतो. त्यात तुमचा दोष नाही. ती ओळ वाचायची रीत कुणीतरी आधी सांगावी लागते.

आणि हे शून्यापासून मोजणं कशाला? बीसीपीएल-बीपासून आलेला हा वारसा आहे. सीमध्ये ॲरेचा क्रमांक म्हणजे नंबर नसतो, अंतर असतं. गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. पहिल्या घरापर्यंत जायला किती घरं ओलांडावी लागतात? एकही नाही. शून्य. दहाव्या घरासाठी नऊ. म्हणून १० घरांची गल्ली ० ते ९. 'लहान' च्या ऐवजी 'लहान किंवा बरोबर' लिहिलंत, की तुम्ही अकराव्या घरात शिरलात, जे तुमचं नाहीच. आणि सी तुम्हाला अडवत नाही. वॉचमन नाही त्या गल्लीत.

१५ की १६?

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. पातळसं, पण पुढे जगभरच्या पुस्तकांनी त्याचा कित्ता गिरवला. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हातात जास्त करून नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' असायचं. माझ्याकडची प्रत सीनिअरकडून आलेली, लूपच्या धड्यापाशी पानं सुटलेली. यावरून ओळखा, कुठे सगळ्यांची झटापट झाली असेल!

तर कर्निघन-रिचींच्या पहिल्याच धड्यात, हॅलो वर्ल्डनंतर थेट लूप येतो. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा तक्ता, ० ते ३००, दर २० अंशांनी. आधी व्हाइलने, मग तोच फॉरने.

आता सांगा, किती ओळी छापल्या जातील? ३०० भागिले २० म्हणजे १५. बरोबर?

चूक. १६. कारण शून्याची ओळही छापली जाते. दहा खांबांच्या मांडवात खणं नऊच असतात, हे मांडववाल्याला माहीत असतं. आपण खणं मोजतो आणि खांब सांगतो. प्रोग्रॅमर लोकांमध्ये या चुकीला 'ऑफ बाय वन' म्हणतात. एकाने चुकणं. ती शिकाऊ माणूस करतो आणि ३० वर्षं मुरलेलाही करतो. फरक एवढाच, की मुरलेला पहिली आणि शेवटची फेरी हाताने तपासून बघतो.

माझी आजी जपमाळ ओढायची. १०८ मणी. पण तिला मी कधी आकडे मोजताना ऐकलं नाही. बोटाला मेरुमणी लागला की ती थांबायची. तो ओलांडायचा नसतो. माळ उलटी फिरवायची. सीमधली स्ट्रिंग अशीच असते बरं का! अक्षरं किती आहेत हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. शेवटी एक खास शून्य बसवलेला असतो, आणि लूप म्हणतो, जोवर तो लागत नाही तोवर पुढे. मोजून थांबणं ही एक तऱ्हा, खूण बघून थांबणं ही दुसरी. मेरुमणीच निसटला तर माळ किती ओढायची?

३१ डिसेंबर २००८

आता या भागातली सगळ्यात आवडती गोष्ट.

मायक्रोसॉफ्टचं झून नावाचं एक गाणी ऐकायचं यंत्र होतं, आयपॉडला टक्कर द्यायला काढलेलं. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीवाले झून ठिकठिकाणी एकदम बंद पडले. बटण दाबा, काही करा, पडदा तसाच गोठलेला. ऐन थर्टी फर्स्टला!

कारण निघालं घड्याळाच्या ड्रायव्हरमधलं, सीमध्ये लिहिलेल्या एका व्हाइल लूपमधलं. यंत्राला १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस माहीत होते, त्यावरून आज कुठलं साल आहे ते काढायचं होतं. लूप म्हणत होता: जोवर दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत, तोवर एक वर्ष वजा कर. साधं वर्ष असेल तर ३६५ वजा कर. लीप वर्ष असेल, आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील, तर ३६६ वजा कर.

ऐकायला ठीक वाटतं ना? आता ३१ डिसेंबर २००८ ला चालवून बघू. २००८ लीप वर्ष. मागची सगळी वर्षं वजा होऊन हातात उरले बरोबर ३६६ दिवस. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत का? हो. या आत. लीप वर्ष आहे का? हो. दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाही, बरोबर ३६६ आहेत. मग काही करू नका. जा वर. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत का? हो. या आत...

१, १, १, १, १. ओळखीचं वाटतंय?

फेरी होते, पण फेरीत काहीच बदलत नाही. निळ्या खिडकीसमोर आम्ही दोघांनी केलेली चूक, आणि लाखो लोकांच्या खिशातल्या यंत्रातली चूक, जातकुळी एकच. उपाय काय सांगितला गेला? बॅटरी पूर्ण उतरू द्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर चार्ज करा. दिवस ३६७ वा झाला, लूप सुटला! म्हणजे माझ्या पार्टनरने स्विच बंद केला ते अगदीच अडाणीपणाचं नव्हतं म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, एवढे हुशार लोक, प्रोग्रॅम अडकणार हे आधीच ओळखणारं एखादं यंत्र का बनवत नाहीत? ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये, कॉम्प्युटर तयार व्हायच्याही आधी, गणिताने सिद्ध करून ठेवलंय, की कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो थांबेल की नाही हे हमखास सांगणारी सरसकट पद्धत असूच शकत नाही. एखादा विशिष्ट लूप तपासता येतो. सगळ्यांसाठी एक किल्ली मिळत नाही. म्हणून तो तपास शेवटी तुमच्या-माझ्यावर येतो.

मग शिकायचं कसं?

आता कामाचं बोलतो. मला लूप कधी कळला? डिप्लोमा झाल्यावर. शेजारच्या नववीतल्या मुलीने मला तोच १ ते १० चा प्रोग्रॅम विचारला. मला पाठ होता, मी धडाधड म्हणून दाखवला. ती म्हणाली, "दादा, पण दुसऱ्यांदा आत जाताना आय किती असतो?"

मला सांगता येईना.

मग आम्ही वहीचं मागचं पान घेतलं. उभे रकाने आखले: फेरी, आय, अट खरी की खोटी, काय छापलं. आणि एकेक फेरी लिहीत गेलो, यंत्र होऊन. पुढे काय होणार हे माहीत असूनही घाई न करता. चौथ्या ओळीला ती म्हणाली, "अच्छा, आय वाढवला नाही तर ही ओळ अशीच खाली येत राहणार." तिने पाच मिनिटांत ते पाहिलं, जे मी दोन वर्षं पाठ करून टाळलं होतं.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की आम्ही वहीत आखलेले रकाने १८४३ च्या त्या तक्त्याचे नातेवाईक आहेत.

तर लूप अडला की चार प्रश्न विचारा. आत शिरायच्या आधी चलाची किंमत काय? कुठली अट मला आत सोडते? एका फेरीत नक्की काय बदलतं? आणि ते बदलणारं मला थांबण्याच्या दिशेने नेतंय का? तिसरा प्रश्न झूनने विचारला नाही. माझ्या पार्टनरने आणि मीही नाही.

चांदण्यांचा त्रिकोण असेल तर दोन रकाने जास्त घ्या, बाहेरचा आय आणि आतला जे. आतला लूप दर वेळी नव्याने सुरू होतो, हे त्या पानावर दिसतं. स्क्रीनवर दिसत नाही, कारण स्क्रीनवर फक्त शेवट दिसतो.

हल्ली फोनवर एआयला विचारलं की लूप लिहून मिळतो. घ्या की, मीही घेतो. पण तो चौथा प्रश्न त्या कोडलाही विचारा. लिहून कुणीही दिलं तरी ३६६ वा दिवस तुमच्या यंत्रावर उजाडतो.

आजचा गृहपाठ: पाचाचा पाढा छापणारा लूप लिहा, पण आधी कागदावर. पहिली फेरी, शेवटची फेरी, आणि शेवटच्या फेरीनंतर आय किती असतो ते लिहा. हे शेवटचं उत्तर कमेंटमध्ये टाका. मला बघायचंय, किती जण १० लिहितात.

आणि तुमच्या वर्गात कुणी असेल, लॅबमध्ये मागच्या बाकावर बसणारा, हे आपलं काम नाही असं मनाशी ठरवून टाकलेला, तर हा भाग त्याला पाठवा. नुसता पाठवू नका. त्याच्या शेजारी बसा, वहीचं मागचं पान उघडा, आणि विचारा: दुसऱ्यांदा आत जाताना आय किती असतो?

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हो, रन करण्याआधी फाइल सेव्ह करा!